पाचव्या वर्षाचा मान

ॲन आर्बर हे मिशिगन राज्यातलं गाव. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. आणि गावातल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात बसायची सोय आहे १,०७,६०१ माणसांची! भाचीनं आकडा सांगितला तेव्हा मी तो तिच्याकडून पुन्हा वदवून घेतला. आम्ही पुण्याच्या मंडईतली माणसं. विसर्जन मिरवणूक आमच्याच दारातल्या टिळक पुतळ्यापासून निघते, तेव्हा गर्दीचं अप्रूप आम्हाला कुणी सांगू नये. पण इथं अख्खं गाव मैदानात घातलं, तर बाहेर घरांना कुलपं लावण्यापुरतीच माणसं उरायची.

रस्त्यावरून मात्र हे मैदान बेताचंच दिसतं. १९२७ साली बांधताना त्याचा बराचसा भाग जमिनीच्या पोटात उतरवला. दारातून डोकावलं की पायऱ्या वर चढत नाहीत, खाली उतरत जातात, आणि तळाशी हिरवा पट्टा. विहिरीत डोकावल्यासारखं पोटात गोळा येतो.

ऑगस्ट चालला होता, मोसम तोंडावर आलेला. सराव बघू म्हटलं तर दारं बंद. डावपेच बाहेर फुटू नयेत म्हणून. २०२३ साली तर याच संघावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा आरोप झाला आणि साखळीतल्या शेवटच्या तीन सामन्यांना मुख्य प्रशिक्षक निलंबित होता. कॉलेजच्या पोरांचा खेळ हो हा!

भाचीच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. कुंपणापलीकडून त्यांनी आनंदाची बातमी दिली, "यंदा आपल्याकडे पाचव्या वर्षाची पोरं पुष्कळ आहेत." माझा चेहरा पडला. चार वर्षांच्या पदवीत पाचवं वर्ष म्हणजे आमच्याकडे "विषय राहिले का हो?" असं दबक्या आवाजात विचारायची गोष्ट. लग्नाच्या बाजारातही ते वर्ष लपवतात.

आजोबांनी मग समजावलं. खेळाडूला पाच वर्षांत चार मोसम खेळता येतात. म्हणून नव्या पोराला पहिलं वर्ष बहुधा बाजूला ठेवतात. तो सराव करतो, वजनं उचलतो, भरपूर खातो, पण सामन्यात क्वचितच उतरतो. याला ते 'रेडशर्ट' म्हणतात. मला लगेच उमगलं: ही तर आंब्याची अढी! कैरी पेंढ्यात घालायची, घाई करायची नाही, रोज हात मात्र फिरवायचा. करोनामुळे २०२० चा मोसम हिशेबात धरला नाही, तेव्हा काही जण सहाव्या वर्षीही खेळले.

ब्लेक कोरमची गोष्ट सांगताना तर आजोबा कुंपणावर रेललेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचा गुडघा दुखावला. तो व्यावसायिक लीगकडे वळू शकत होता, पण आणखी एक वर्ष कॉलेजसाठी खेळायला थांबला. त्याच्याबरोबर बरेच अनुभवी गडी थांबले. ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये त्यांनी वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं. शेवटच्या टप्प्यात दोन वेळा चेंडू रेषेपार नेला तो कोरमनंच.

आता थांबणं परवडतंही. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवता येतात. प्रशिक्षकाचा पगार तर विद्यापीठाच्या अध्यक्षापेक्षा कितीतरी जास्त. इथं मला जोतीराव आठवले. नगरपालिकेत असताना त्यांनी नव्या मंडईवर एवढा पैसा ओतायला विरोध केला होता. आधी शिक्षण, असं त्यांचं म्हणणं. १८८६ ला मंडई उभी राहिलीच, आणि पुढे तिला नाव लागलं महात्मा फुल्यांचंच. इथल्या विद्यापीठात ते सदस्य असते तर सभा रंगली असती.

एकच शंका उरली होती. हल्ली खेळाडू कॉलेज बदलून लगेच दुसरीकडे खेळू शकतो. म्हणजे अढी घालणार एक आणि आंबा खाणार दुसरा! आजोबांना विचारलं, "तुमचा एखादा असा पिकलेला गडी उद्या ओहायोला गेला तर?" ओहायो स्टेट विद्यापीठाशी यांचं हाडवैर. आजोबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गवत कापायचं यंत्र धडधडा सुरू केलं.