आमच्या वसाहतीची कंपनी

बकिंगहॅमशरमधल्या एका गावाच्या कडेला आम्ही नवं कोरं घर घेतलं. फ्रीहोल्ड, म्हणजे घराबरोबर खालची जमीनही आमची. तरी एप्रिल उजाडला आणि दारात बिल पडलं: वसाहतीच्या व्यवस्थापनाचे वर्षाचे 236 पौंड, तेही आगाऊ. काउन्सिल टॅक्स वेगळा, आणि त्यात एका पेनीचीही सूट नाही. सॉलिसिटरच्या अहवालात या खर्चाबद्दल एक परिच्छेद होता. बिल्डरच्या विक्री कार्यालयात त्याला ‘गवत कापायचे थोडेसे पैसे’ म्हणत. बिलात गवताची ओळ एकच होती. बाकी विमा, अकाउंटंट, खेळाच्या मैदानाची तपासणी, कंपनी सेक्रेटरी, व्यवस्थापन पाहणाऱ्या एजंटची फी, त्या फीवर 20 टक्के व्हॅट, आणि तळं.

बिलाचा फोटो मी डोंबिवलीला सासऱ्यांना पाठवला. बाबा तिथल्या सोसायटीचे वर्षानुवर्षं सेक्रेटरी होते. लगेच फोन आला. “तुमची जनरल बॉडी कधी असते?” अजून झालीच नाही, मी म्हटलं. “मग बजेट पास कोणी केलं?” एजंटने. “आणि एजंट नेमला कोणी?” बिल्डरने. “वा! म्हणजे पैसे तेवढे तुम्ही द्यायचे होय?”

इथे पूर्वी साधारण रीत अशी होती, की बिल्डरने रस्ते आणि बागा करायच्या आणि काउन्सिलने त्या ताब्यात घ्यायच्या. अजूनही रस्ते 1980 च्या हायवेज ॲक्टच्या 38 व्या कलमाखाली काउन्सिलकडे जाऊ शकतात. पण मोकळ्या जागा ताब्यात घेताना काउन्सिल पुढच्या बऱ्याच वर्षांच्या देखभालीचा खर्च एकरकमी मागते. बिल्डरला ती रक्कम द्यायची नसते, काउन्सिलला कायमचा भार नको असतो. मग तो घरमालकाच्या खरेदीखतात जाऊन बसतो. कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटी या सरकारी संस्थेचा अहवाल फेब्रुवारी 2024 मध्ये आला. 11 मोठ्या बिल्डरांनी 2021-22 मध्ये विकलेल्या नव्या घरांपैकी 80 टक्के घरांवर असा आकार होता, आणि त्याची सरासरी वर्षाला 350 पौंड.

दुसरा मार्ग नाही असं मात्र नाही. आमच्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर मिल्टन कीन्स आहे. तिथल्या बागा, तळी, रानं सांभाळायला 1992 मध्ये पार्क्स ट्रस्ट स्थापन केला, आणि त्याला सुमारे 2 कोटी पौंडांची मालमत्ता व गुंतवणूक देऊन टाकली. त्या उत्पन्नावर बागा चालतात. असं डोकं पुन्हा फारसं कोणी चालवलेलं दिसत नाही.

आता वसाहतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीविषयी. या कंपन्या ढोबळमानाने दोन जातीच्या. एकीत शेवटचं घर विकेपर्यंत बिल्डरची माणसं डायरेक्टर असतात, मग ती राजीनामे देतात आणि कंपनी रहिवाशांच्या हाती येते. एजंट हा तिथे निव्वळ कंत्राटदार. दुसरीत एखाद्या खासगी कंपनीचं नावच खरेदीखतात कोरलेलं असतं. बागांची मालकी तिची, बजेट तिचं, आणि तिला काढायला रहिवाशांकडे सोपा उपाय नाही. रस्त्यापलीकडची वसाहत दुसऱ्या जातीची. तिथे राहणारी आमची नागपूरची मैत्रीण तक्रारीची ईमेल पाठवते आणि पोचपावती जपून ठेवते.

आमची पहिल्या जातीची निघाली. हे मला कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर फुकटात कळलं: डायरेक्टर कोण, हिशेब कधी भरले, सगळं तिथे उघडं असतं. दोन्ही डायरेक्टर बिल्डरचे नोकर होते. शेवटचं घर विकलं गेलं तेव्हा मी, एक निवृत्त पोस्टमन आणि एक शाळाशिक्षिका अशा तिघांनी नावं दिली. चौथं कोणी पुढे आलं नाही. नावं ठेवायला मात्र सगळी वसाहत हजर.

ताबा घेण्याआधी बाबांनी बजावलं होतं, “बिल्डर देतो म्हणाला की लगेच घ्यायचं नसतं. आधी यादी कर.” यादी केली. लावलेल्या रोपांपैकी बरीच वाळलेली, मैदानातल्या घसरगुंडीखालची रबरी जमीन उचकटलेली, आणि तळ्यात गाळ. हे तळं म्हणजे शोभा नव्हे. छपरांवरचं आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी एकदम ओढ्यात लोटू नये म्हणून ते इथे साठवून हळूहळू सोडतात. उन्हाळ्यात बहुतेक कोरडंच असतं, पण गाळाने भरलं की पाणी घरांकडे वळतं, आणि उपसायचा खर्च ज्याच्या नावावर तळं त्याचा. सगळं दुरुस्त करून दिल्याशिवाय जमिनीच्या हस्तांतरावर सही करणार नाही, असं आम्ही लेखी कळवलं. बिल्डरने कुरकुर केली, पण गाळ उपसला.

मग एजंटकडे पावत्या मागितल्या. गवत कापणारा माणूस एजंटने तिसऱ्याकडून घेतला होता आणि मधला नफा आमच्या माथी होता. एजंटचं कंत्राट वर्षाचं होतं. मुदत संपताच नोटीस दिली, नवीन निविदा मागवल्या. पुढच्या वर्षी बिल 190 पौंडांवर आलं. त्यातले काही पैसे राखीव निधीला. तो आधी शून्य होता, हे ऐकून बाबा फोनवर काही वेळ बोललेच नाहीत.

हे काम बिनपगारी आहे आणि त्यात गोडी फारशी नाही. हिशेब भरायला एक दिवस उशीर झाला तरी 150 पौंड दंड. कागदपत्रं भरलीच नाहीत तर कंपनी नोंदणीतून काढून टाकतात, आणि तिच्या नावावरची जमीन राजसत्तेकडे जाते.

लीजहोल्ड फ्लॅटवाल्यांना अवाजवी आकाराविरुद्ध न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क 1985 च्या कायद्याखाली आहे. फ्रीहोल्डवाल्यांना तो देणारा कायदा मे 2024 मध्ये मंजूर झाला, पण इथे कायदा मंजूर झाला म्हणजे त्याची कलमं लगेच लागू होतात असं नाही. उलट 1925 च्या मालमत्ता कायद्याचं 121 वं कलम जुनं असूनही धारदार आहे: खरेदीखतात हा आकार ‘रेंटचार्ज’ म्हणून लिहिला असेल आणि तो 40 दिवस थकला, तर वसुलीसाठी तुमच्या घरावर परस्पर लीज काढता येतं. नागपूरच्या मैत्रिणीच्या खतात तो शब्द आहे. ती कितीही चिडली तरी बिल वेळेत भरते.

इंग्लंडात नवं घर घेत असाल तर वर्षाला किती पौंड हे शेवटी विचारा. आधी सॉलिसिटरला विचारा: कंपनीचे सभासद कोण, एजंटला काढायचा अधिकार कोणाला, तळं कोणाच्या नावावर, खतात रेंटचार्ज आहे का. उत्तरं लेखी येईपर्यंत सही करू नका.