शिट्टी आणि लय

रत्नागिरीजवळच्या आरे-वारे परिसरात कबड्डीचा सामना संपतो, पंचांवरचा वाद मात्र संपत नाही. ‘त्या एका निर्णयाने लय गेली’, असं हरलेल्या बाजूचे प्रेक्षक हमखास म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊला आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत-इराण २८-२८ असे बरोबरीत होते. भारताच्या पवन सेहरावतच्या चढाईला लॉबीचा, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याचा, जुना नियम लावायचा की नवा, यावर खेळ जवळपास तासभर थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. थांबल्यामुळे इराणची लय तुटली म्हणावं, तर खोळंबा भारताचाही झालाच होता. पंच माणूसच, चुकणारच, हे मान्य. पण तिथे नजर नव्हे, नियमच डळमळीत होता. म्हणून आयोजकांनी सामन्याआधीच दोन्ही संघांना लॉबीचा नियम वाचून दाखवावा.