रिकाम्या रकान्याची घरे



लोधीपुरा आणि आसपासच्या आपल्या घरांची वही आम्ही संगणकावर चढवली आहे आणि त्यासाठी एसक्यूएल शिकतो आहोत. कला शाखेच्या माणसालाही ही भाषा फार परकी वाटत नाही. 'हे निवड, त्या तक्त्यातून, जिथे असे असे आहे', एवढेच तिचे वाक्य. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये आयबीएममध्ये ती मांडली, तीही प्रोग्रामर नसलेल्यांना वापरता यावी म्हणून.

अडलो ते 'नल'पाशी. नल म्हणजे शून्य नव्हे. ठाऊक नाही, एवढेच. मूळ गाव बुऱ्हानपूर असलेल्यांची यादी मागितली, मग नसलेल्यांची. दोन्ही मिळून एकूण घरांपेक्षा सात कमी! पॉवरलूमवर कामाला आलेल्या या कुटुंबांचा गावाचा रकाना रिकामा होता. ठाऊक नसलेले गाव बुऱ्हानपूर आहे असे ही भाषा म्हणत नाही, नाही असेही म्हणत नाही. मग ती घरे दोन्हीकडून गळतात. त्यांच्यासाठी 'इज नल' असे वेगळे विचारावे लागते.

संत लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या मेंढपाळाला आपली मेंढरे शंभर आहेत हे ठाऊक होते, म्हणून एक उणे कळले. ख्रिस्तसभेचा कायदा तर अशा रिकाम्या जागेची सोय आधीच करून ठेवतो: दत्तक नसलेल्या बालकाचे आई-वडील कोण हे ठरत नसेल, तरी कलम ८७७ प्रमाणे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याचे नाव लिहायचेच.

आगमनकाळाच्या गृहभेटी या शनिवारी सुरू होतील, त्या सात घरांपासून.