नंतर पाहूं

रोज सकाळीं आम्ही संगणकापुढें बसतों न बसतों तोंच पडद्याच्या कोपऱ्यांत एक चौकट उघडते आणि नवें ‘अपडेट’ आलें असून यंत्र पुन्हां सुरू करावें लागेल, असें नम्रपणें कळविते. खालीं दोन बटणें असतात: आतां, किंवा नंतर. वाचकहो, वर्षानुवर्षें आम्ही ‘नंतर’च दाबीत आलों. एकदां विकत घेतलेली वस्तु आली तशी चालावी. तिनें दर महिन्यास नवें व्हावें, हें आमच्या पिढीस रुचत नाहीं. शिवाय अपडेट झालें कीं ओळखीचीं बटणें जागा बदलतात, आणि सौ. नीं फडताळ आवरल्यावर पोह्यांचा डबा शोधतांना होते तशी आमची गत होते.

वास्तविक ही तक्रार आमच्या तोंडीं शोभणारी नव्हती. पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रें रचलीं; त्यांत जें राहून गेलें तें कात्यायनानें वार्तिकांनीं पुरें केलें; पतंजलीनें महाभाष्यांत दोघांचेंही म्हणणें पारखून घेतलें. या तीन मुनींत जो नंतरचा त्याचें मत अधिक प्रमाण, असें परंपरा मानते. हें आम्हीं वर्गांत ३० वर्षें शिकविलें, आणि घरीं येऊन ‘नंतर’ दाबलें.

त्याचें प्रायश्चित्त २०२१ च्या पावसाळ्यांत मिळालें. तरुणपणीं आम्ही वाईस एका वृद्ध शास्त्रीबोवांकडे लघुकौमुदी वाचीत होतों. ते सांगत व आम्ही टिपून घेत असूं. अशा सात वह्या झाल्या. २००३ पासून २०११ पर्यंत रात्रीं बसून आम्हीं त्या संगणकावर उतरविल्या. पुढें वह्या वाळवीनें खाल्ल्या; शास्त्रीबोवा तर त्यापूर्वींच गेले होते. चिरंजीव दर दिवाळीस म्हणत, “बाबा, हा फॉन्ट जुना झाला, सगळा मजकूर युनिकोडमध्यें घेऊं या.” आम्ही म्हणत असूं, “नंतर पाहूं.” जुलैंत यंत्र बंद पडलें तें कायमचें. हार्ड डिस्क काढून नव्या यंत्रास जोडली, फाइल उघडली, तों पडद्यावर इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम व टक्क्याचीं चिन्हें यांची खिचडी! देवनागरी अक्षर एकही नव्हतें. सौ. दोन वेळां जेवावयास बोलावून गेल्या, आम्हांस उठवेना.

उलगडा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें केला. “गुरुजी, मजकूर गेलेला नाहीं, वाचण्याची किल्ली हरवली आहे,” तो म्हणाला. जुन्या फॉन्टांत यंत्र पोटांत इंग्रजी अक्षरच सांठवीत असे. फॉन्ट त्यास फक्त देवनागरीचा अंगरखा घाली. अंगरखा गेला कीं आंतलें अक्षर उघडें पडे. युनिकोडांत मात्र ‘क’चा स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, व तो जगांतील सर्व यंत्रांवर तोच. देवनागरीस तेथें १९९१ मध्येंच जागा मिळाली. पण वार्तिकें तेथेंही चालूच आहेत. ‘ॲप’ या शब्दांतील ‘ॲ’ला त्याचा क्रमांक २००८ मध्यें मिळाला. सामवेद व यजुर्वेद यांच्या पठणांतील कित्येक स्वरचिन्हें २००९ मध्यें आलीं. रुपयाचें ₹ हें चिन्ह आपल्या सरकारनें २०१० च्या जुलैंत ठरविलें, आणि त्याच ऑक्टोबरांत तेंही दाखल झालें. पण ज्यानें आपलें यंत्र अद्ययावत् केलें नाहीं त्यास तेथें रिकामी चौकट दिसे. अशा चौकटी आम्हीं पुष्कळ पाहिल्या होत्या, व टंकलेखकाच्या आळसास बोलहि लावला होता!

तेव्हांपासून वर्तमानपत्रांतील तंत्रज्ञानाचें पान आम्ही पंचांगाइतक्या नेमानें वाचतों. नवा फोन किती पातळ झाला तें सोडून देतों. कोणतें छिद्र कोठें बुजविलें तेवढें टिपतों. २०१७ च्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रामनें देशोदेशींचीं यंत्रें कुलूपबंद केलीं. ज्या छिद्रांतून तो शिरला तें बुजविणारें अपडेट मार्चांतच निघालें होतें. दोन महिने ‘नंतर’ म्हणणारांत इंग्लंडांतील रुग्णालयेंहि होतीं, व तेथें ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या. उलट १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनेंच सुमारें ८५ लक्ष यंत्रें आडवीं केलीं, आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांचे पास हातानें लिहावे लागले. ती बातमी आम्हीं चिरंजिवांस मोठ्यानें वाचून दाखविली, हें कबूल केलें पाहिजे. तरी हल्लीं आम्ही मजकुराची एक प्रत निराळी काढून ठेवतों आणि ‘आतां’ दाबतों.

विद्यार्थ्यानें मजकूर परत आणिला खरा, पण शुद्ध नव्हे. जोडाक्षरें निखळलीं आहेत. रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसले आहेत. सूत्रें छापील ग्रंथावरून ताडून पाहतां येतात. शास्त्रीबोवांचे स्वतःचे दृष्टांत कोठें पाहावे? कारकप्रकरणांत गाय दोहण्याच्या उदाहरणावर त्यांनीं एक गोष्ट सांगितली होती, ती मध्येंच तुटली आहे. गोष्टींत गवळी हंसतो एवढें स्पष्ट वाचतां येतें. तो कां हंसला, तें आम्ही गेले पांच दिवस आठवून पाहत आहों.