कोकच्या भट्ट्यांचा मुलूख

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानाच्या नैर्ऋत्य भागांत, पिट्सबर्ग शहराच्या आग्नेयेस, यॉकगेनी नदीच्या कांठीं कॉनेल्सव्हिल नांवाचें गांव आहे. नदीकांठच्या वाटेनें चालूं लागलें म्हणजे झाडींतून एक दगडी भिंत व तींत ओळीनें कमानी दिसूं लागतात. एखाद्या पडक्या देवळाच्या ओवऱ्याच असाव्यात असें क्षणभर वाटतें. वस्तुतः ह्या कोक भाजण्याच्या जुन्या भट्ट्या होत. १९१० च्या सुमारास ह्या टापूंत त्यांची संख्या ३०,००० हून अधिक होती आणि त्यांच्या ज्वाळांनीं रात्रीं आकाश लाल दिसे.

आपल्याकडील लोणारी लाकूड कोंडून भाजतो व कोळसा करतो. तीच युक्ति दगडी कोळशाला लावली म्हणजे कोक होतो. लोखंड गाळण्याच्या उंच भट्टींत खनिजाचा भार लाकडी कोळशास सोसत नाहीं, कोकास सोसतो. इंग्लंडांत अब्राहम डार्बी यानें १७०९ मध्यें कोकावर लोखंड गाळून दाखविलें. अमेरिकेंत हा धंदा बराच मागाहून वाढला.

कॉनेल्सव्हिलची भट्टी घुमटाकार, आंतून सुमारें १२ फूट व्यासाची. माथ्यावरील भोकांतून रुळावरची गाडी तींत सुमारें ५ टन कोळसा ओती. दाराशीं उभा राहून मजूर लांब दांड्याच्या फावड्यानें तो सारखा पसरी, मग दार विटांनीं व चिखलानें लिंपून वाऱ्यापुरती फट ठेवी. ४८ किंवा ७२ तासांनीं दार फोडावयाचें, आंत नळीनें पाणी मारावयाचें, आणि लोखंडी आंकड्यानें कोक फोडून बाहेर ओढावयाचा. तोही झपाट्यानें, कारण मागल्या खेपेच्या धगीनेंच पुढील कोळसा पेटत असे, व भट्टी निवाली तर सारेंच खोळंबे. चुलीपुढें घटकाभर बसणाऱ्या आमच्या वाचक-भगिनींना ह्या धगीची थोडीफार कल्पना करतां येईल!

हें काम उक्तें असे. जितक्या भट्ट्या रिकाम्या कराव्या तितकी मजुरी. करणारे बहुतेक स्लोव्हाक, पोलिश व हंगेरियन, नुकतेच समुद्र ओलांडून आलेले. १८९१ च्या संपांत, ३ एप्रिल रोजीं मोरवुड येथें शिबंदीनें गोळीबार केला, त्यांत निदान ७ मजूर मेले.

कोळसा ओतणाऱ्या गाड्यांना प्रथम खेचरें, पुढें वाफ व वीज मिळाली. परंतु सर्वांत कष्टाचें जें ओढणें, तें माणसाच्याच दंडावर राहिलें. ह्याचें कारण यंत्रविद्येची उणीव एवढेंच नव्हे. जोंपर्यंत दाराशीं दुसरा मजूर उभा आहे, तोंपर्यंत धन्यास घाई कशाची? विसाव्या शतकाच्या आरंभीं ओढण्याचें यंत्र आलें. तें भट्ट्यांसमोरील रुळांवरून दारोदार फिरे, लांब पोलादी पातें कोकाखालीं घालून तो बाहेर ओढी, आणि चालत्या पट्ट्यावरून रेल्वेच्या डब्यांत टाकी. पण घुमट बांधला होता तो माणसाच्या फावड्याच्या बेतानें. यंत्रास त्या गोलाईची अडचण होई. म्हणून पुढें लांबट चौकोनी भट्ट्या निघाल्या: दोन्ही टोकांस दारें, एका बाजूनें दट्ट्यानें ढकललें कीं कोक दुसऱ्या बाजूनें बाहेर.

यंत्राच्या सोयीनें भट्टी बदलूं लागली, तशी ती ह्या गांवांतूनच निघून गेली. पोलादाच्या कारखान्यांशेजारीं अरुंद, उंच, बंद भट्ट्या उभ्या राहिल्या. घुमटांत वायु व डांबर नुसतें जळून जाई. येथें तें धरून ठेवतात, आणि दट्ट्या सबंध खेप कांहीं क्षणांत ढकलून देतो. १९१९ मध्यें अमेरिकेंत अशा भट्ट्यांचा कोक जुन्या भट्ट्यांच्या कोकाहून प्रथमच अधिक भरला. मजुराचे कष्ट गेले, पण बरोबर त्याचें कामही गेलें.

दुसऱ्या महायुद्धांत मागणी वाढली तेव्हां विझलेल्या कित्येक भट्ट्या पुन्हा पेटल्या. शोफ येथील भट्ट्या तर १९७२ पर्यंत चालल्या. आतां त्या मुलुखांत कमानींवर झुडपें वाढलीं आहेत. दारांतून वांकून पाहिलें, तर घुमटाच्या विटा धगीनें वितळून कांचेसारख्या झालेल्या दिसतात.