नव्या टाळकऱ्याचा टाळ

मुलाच्या नोकरीपायी उतारवयात गाव सोडावे लागलेले आईवडील आज आपणांपैकी अनेकांच्या घरी असतील. शिरवळला औद्योगिक वसाहत वाढली तशी येथे अशी कुटुंबेही वाढली. सकाळी कर्ती माणसे कामावर जातात, नातवंडे शाळेत, आणि घरात उरते ते एक वृद्ध माणूस. अशा वेळी ‘हरिपाठाला जात जा, मन रमेल’ हा सल्ला आपण सहज देतो. सल्ला उत्तमच आहे. एकाकीपणाचा प्रश्न इतका गंभीर मानला जातो की, जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सामाजिक संबंधांसाठी स्वतंत्र आयोग नेमला. परंतु भजनी मंडळात बोलण्याची आणि गप्प राहण्याचीही एक रीत असते, आणि ती नवख्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, वयाच्या 74व्या वर्षी वाळवे तालुक्यातून आमच्याकडे आल्या. त्यांच्या गावच्या भजनात जिला जो अभंग आठवेल तो तिने धरावा, मध्येच सुखदुःख बोलून घ्यावे, असा मोकळा व्यवहार होता. येथील मंडळाची शिस्त निराळी. नामघोष सुरू झाला की इतर बोलणे बंद, चाल धरायची ती वीणेकऱ्याने, इतरांनी मागून म्हणायचे. आत्याबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येते. त्या एक ओळ मागे राहत, कधी सगळे थांबल्यावर त्यांचा एकटीचा आवाज उठे, मग कोणीतरी हाताने खूण करी. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ‘‘गुडघे दुखतात गं, नाही जात.’’ गुडघे होते तसेच होते. बाजाराला त्या रोज चालत जात.

वृद्धांची सांभाळणूक करणाऱ्यांनी हे वाक्य नीट ऐकावे, अशी माझी विनंती आहे. शिकणारा माणूस गप्प असतो आणि दुखावलेलाही गप्पच असतो. पहिल्याला वेळ द्यावा लागतो. दुसऱ्याला वेळ दिला तर तो घरीच बसतो.

या बाबतीत वारीइतका शहाणपणा मी अन्यत्र पाहिलेला नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि आमच्याच खंडाळा तालुक्यात, लोणंदला मुक्काम करते. या सोहळ्याला शिस्त लावली ती याच जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी, 19व्या शतकात. पूर्वी ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. सैन्याची रचना त्यांनी दिंड्यांना दिली, असे म्हणतात ते पटण्याजोगे आहे. मुक्कामी संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार चोप उंचावून ‘हो’ अशी आरोळी देतात आणि क्षणात हजारो टाळ शांत होतात. मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवीतच राहते. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, आणि मग आरती. हरवल्या-सापडल्याची वर्दीही तेव्हाच दिली जाते. शिस्तीचा भंग वाटावा असा तो आवाज शिस्तीचाच भाग आहे. आपल्या गावोगावच्या मंडळांनी वारीची शांतता तेवढी उचलली, हे वाजत राहणारे टाळ मात्र मागेच राहिले, असे मला वाटते.

आत्याबाईंचे टाळ कोणी ऐकावे, म्हणून आम्ही दोघी हरिपाठाच्या अर्धा तास आधी वीणेकऱ्यांना भेटलो. अर्धा तास आधी, कारण कार्यक्रम चालू असताना किंवा प्रसादाच्या गर्दीत असे बोलणे होत नाही. ‘‘माउली, यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, तुमच्या डाव्या हाताला बसवाल का?’’ एवढेच विचारले. तिथे बसल्यावर वीणेकरी त्यांच्या उजव्या, चांगल्या कानाच्या बाजूला आले. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीचे आवाज प्रथम जातात, ‘स’, ‘श’, ‘फ’ पुसट होतात आणि गलक्यात शब्द सुटत नाहीत. टाळांच्या नादात तर अधिकच. म्हणून श्रवणतपासणी करून घ्यावी, आणि यंत्र बसविताना आपण भजनाला बसतो हे तज्ज्ञांना आवर्जून सांगावे. मोठ्या अक्षरांचा हरिपाठ हाती असला म्हणजे चुकलेली ओळ डोळ्यांनी सापडते.

आणखी एक अडचण पाया पडण्याची. वारकरी वय, जात न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. नातीच्या वयाच्या मुलीपुढे वाकायचे, हे आत्याबाईंना प्रथम विचित्र वाटले, पुढे आवडू लागले. मात्र रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी झटकन वाकून झटकन उठू नये, भोवळ येण्याचा संभव असतो. भिंतीचा आधार घ्यावा, किंवा उभ्यानेच हात जोडावेत. समोरच्या माउलीला ते पुरते. मधुमेहामुळे वारंवार उठावे लागत असेल तर दाराजवळची जागा मागून घ्यावी. कीर्तनातून मध्येच उठणे बरे दिसत नाही या धाकाने कित्येक वृद्ध दुपारपासून पाणीच पीत नाहीत, आणि हे फार वाईट.

आत्याबाई आता नेमाने जातात. अजून कधी एखादी ओळ मागे राहते. गेल्या एकादशीला त्यांनी आपल्या गावाकडच्या चालीत गौळण म्हणण्याची परवानगी मागितली. वीणेकऱ्यांनी वीणा खाली केली नाही, पण मान हलविली. चाल अवघड होती. दुसऱ्या कडव्यापर्यंत मागून म्हणणाऱ्या सगळ्याच बायका एक ओळ मागे होत्या.