खऱ्या दाराची खोटी साक्ष

#थ्रेड

१/१६
गेल्या वर्षी मी पॅरिसमधील सँ-सेव्हराँ या चर्चवर एक थ्रेड लिहिला होता. त्यातील एक वाक्य चुकीचे होते. ते गुपचूप काढून टाकता आले असते, पण तोवर ते इतरांच्या वह्यांत जाऊन बसले होते. म्हणून हा दुसरा थ्रेड. चर्चची कथा पुन्हा सांगते आणि माझी चूकही.

२/१६
ते वाक्य असे होते : 'पश्चिमेचे कोरीव दार तेराव्या शतकातले आहे, या चर्चचे बांधकाम कोठून सुरू झाले, हे ते दारच सांगते.' एका महाविद्यालयीन वाचक मुलीने ते आपल्या सादरीकरणात घेतले. सरांनी वर्गात कौतुक केल्याचे तिने मोठ्या आनंदाने कळवले. मीही आनंदले. चूक लक्षात आली ती त्यानंतर काही महिन्यांनी.

३/१६
आधी जागा समजून घेऊ. सेन नदीचा डावा काठ, लॅटिन क्वार्टरमधल्या अरुंद गल्ल्या आणि जवळूनच जाणारा दक्षिणेचा जुना रस्ता, र्यू सँ-जाक. सँ-सेव्हराँ हे कॅथेड्रल नव्हे. ते वस्तीचे, पॅरिशचे चर्च. तेराव्या शतकात विद्यापीठामुळे या काठावरची वस्ती वाढत होती आणि त्या वस्तीला मोठी वास्तू हवी होती.

४/१६
आत शिरल्यावर प्रथम खांब पाहावेत. दोन खांबांमधल्या जागेला आपण वाड्यात 'खण' म्हणतो. तोच शब्द येथे वापरते. पश्चिमेकडचे, म्हणजे दारालगतचे पहिले तीन खण तेराव्या शतकातले आहेत. तेथील खांबांना स्तंभशीर्षे आहेत. खांब कोठे संपतो आणि कमान कोठे सुरू होते, हे नजरेला स्पष्ट दिसते.

५/१६
चौथ्या खणापासून हा नियम बदलतो. स्तंभशीर्षे नाहीशी होतात. खांबावरच्या उभ्या रेषा कोठेही न थांबता वर चढतात आणि छताच्या बरगड्या होऊन पसरतात. हे पंधराव्या शतकातले गॉथिक. त्याला फ्लाँबॉयाँ, म्हणजे ज्वालांसारखी, शैली म्हणतात. तिसरा खण ओलांडताना आपण दोन-अडीच शतके ओलांडतो, तेही चार पावलांत.

६/१६
एवढे अंतर का पडले? शतवार्षिक युद्धाच्या उत्तरार्धात, १४२० ते १४३६ या काळात, पॅरिस इंग्रजांच्या ताब्यात होते. त्यातून शहर सावरत असतानाच १४४८ मध्ये चर्चला आग लागली. त्यानंतरच्या दशकांत पुनर्बांधणी झाली. पहिले तीन खण टिकले, त्यापुढचा भाग नव्या पिढीने आपल्या काळाच्या रीतीने उभारला. जुन्याची नक्कल करण्याची गरज त्यांना वाटली नाही.

७/१६
१४८९ मध्ये काम आणखी पूर्वेकडे सरकले. वेदीमागे अर्धवर्तुळाकार टोक आणि त्याभोवती दुहेरी प्रदक्षिणापथ बांधण्यात आला. १४९५ मध्ये या नव्या भागाचा पवित्रीकरण विधी झाला. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दोन्ही अंगांना लहान चॅपेलांची भर पडत राहिली.

८/१६
या प्रदक्षिणापथातला एक खांब पाहण्यासाठी लोक मुद्दाम येतात. तो पीळ घातलेल्या दोरासारखा आहे. तळापासून रेषा वळत वळत वर जातात आणि माथ्यावर माडाच्या झावळ्यांसारख्या छतभर फाकतात. मी प्रथम गेले तेव्हा पाऊण तास त्याच्यापाशीच बसून होते. दाराकडे मात्र जाता-जाता एकदा पाहिले. चूक तेथेच झाली.

९/१६
येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मध्ययुगीन चर्च बहुधा पूर्वेकडून, वेदीच्या बाजूने बांधायला घेत आणि पश्चिमेकडे येत. त्यामुळे पूर्वेचा भाग सर्वांत जुना असेल, असे अनुमान सहज निघते. सँ-सेव्हराँमध्ये चित्र उलटे आहे : जुने पश्चिमेला, नवे पूर्वेला. कारण आपण पाहतो तो बांधण्याचा क्रम नसून उरण्याचा क्रम आहे.

१०/१६
पुढची शतकेही स्वस्थ बसली नाहीत. १६७३ मध्ये ज्यूल आर्दुआँ-माँसार याने एक चॅपेल जोडले. १६८१ मध्ये चौदाव्या लुईची चुलत बहीण, मोंपाँस्येची डचेस, हिने वेदीच्या परिसराला नवे रूप देण्यासाठी पैसा दिला. खांबांना संगमरवर चढला, टोकदार कमानी गोल झाल्या. आराखडे शार्ल ल ब्रंचे. गॉथिक तेव्हा रानटी वाटू लागले होते.

११/१६
मनोऱ्याचेही असेच. खालचा भाग तेराव्या शतकातला, वरचा पंधराव्या. त्यात 'मासे' नावाची घंटा आहे, १४१२ मध्ये ओतलेली. पॅरिसमधली ही सर्वांत जुनी घंटा मानली जाते. म्हणजे आगीच्या आधीची घंटा आणि आगीनंतरचे बांधकाम आज एकाच चर्चमध्ये नांदतात. सर्वांत अलीकडचा थर १९७० चा : प्रदक्षिणापथाच्या चॅपेलांतील जाँ बाझेन यांच्या रंगीत काचा.

१२/१६
आता दाराकडे येऊ. ते तेराव्या शतकातले आहे, हे खरे. त्याच्यामागचे तीन खण तेराव्या शतकातले आहेत, हेही खरे. दोन खऱ्या गोष्टी शेजारी दिसल्या आणि मी मध्ये 'म्हणून' घातले. तो 'म्हणून' मला कोणीही सांगितला नव्हता. तो माझा होता आणि तोच खोटा होता.

१३/१६
ते दार या चर्चचे नव्हेच. नदीतल्या सिते बेटावर, नोत्र-दामजवळ, सँ-प्येर-ओ-ब नावाचे आणखी एक छोटे पॅरिश चर्च होते. नावाचा अर्थ 'बैलांचा संत पीटर'. ते १८३७ मध्ये पाडले गेले. त्याचे दार तेवढे वाचले, नदीपार आले आणि सँ-सेव्हराँच्या पश्चिम भिंतीत बसवले गेले. त्याच भिंतीत त्याच्या वर पंधराव्या शतकातली मोठी खिडकी आहे.

१४/१६
हे मला परिचयपुस्तिकेतल्या एका साध्या ओळीत सापडले. ओळ वाचून कानशिले तापली. दगडाची शैली सांगते की तो कधी कोरला गेला. तो येथे कधी बसवला गेला, हे सांगायला शैली असमर्थ असते. त्यासाठी नोंद हवी, सांधा हवा, शेजारच्या दगडाची साक्ष हवी. यांपैकी काहीही न पाहता मी निकाल दिला होता.

१५/१६
त्या मुलीला मी कळवले. पाठवण्यापूर्वी संदेश तीनदा लिहून खोडला. तिचे उत्तर आले : 'सरांना उद्या सांगते. पण ताई, मग त्या पाडलेल्या चर्चचे बाकी काय झाले?' मी वर्षभर ज्या दाराचे छायाचित्र मिरवत होते, ते एका नाहीशा झालेल्या वास्तूचा अवशेष आहे, हे मला तिच्या प्रश्नाने खऱ्या अर्थाने कळले. हिवाळ्यात मी पुन्हा गेले, तेव्हा आत जाण्यापूर्वी त्या दारासमोर बराच वेळ उभी राहिले.

१६/१६
ज्यांनी जुने वाक्य उतरवून घेतले असेल, त्यांनी कृपया ते खोडून हे लिहावे : 'सँ-सेव्हराँचे पश्चिमेचे दार तेराव्या शतकातले आहे, परंतु ते सँ-प्येर-ओ-ब या पाडलेल्या चर्चचे असून १८३७ मध्ये येथे आणले गेले, या चर्चचे स्वतःचे तेरावे शतक पाहायचे असल्यास आत जाऊन पहिल्या तीन खणांचे खांब पाहावेत.' याही थ्रेडमध्ये काही चुकले असल्यास जरूर सांगावे.